आधी काम, मग भाषा



बारावीचा निकाल लागला की आमच्या घरचा फोन वाजू लागतो. नात्यातलं, ओळखीतलं कुणीतरी विचारतं, "काका, मुलाला कॉम्प्युटरची कोणती भाषा शिकायला घालू? सी, जावा की पायथॉन? स्कोप कशाला आहे?" मी उलट विचारतो, "त्याला करायचं काय आहे?" पलीकडे क्षणभर शांतता. मग थोडं नाराजीनं, "म्हणजे तुम्हाला सांगायचं नाहीये तर!"

हा उलटा प्रश्न विचारायला मी शिकलो ते एका हिशेबनिसांमुळे. त्यांचीच गोष्ट आज सांगतो.

साल १९९२. मी नुकताच इंजिनीअर झालो होतो आणि सी ही भाषा अंगात भिनलेली होती. तालुक्याच्या गावच्या एका पतसंस्थेचा हिशेब कॉम्प्युटरवर बसवून देण्याचं काम मला मिळालं. एक वडीलधारे सहकारी म्हणाले, "पैशांचं काम आहे, कोबोल वापर." मला हसू आलं. कोबोल म्हणजे १९६०च्या सुमाराची, म्हाताऱ्यांची भाषा! मी सीमध्येच प्रोग्रॅम लिहिला.

संस्थेत हिशेबनीस होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. तीस वर्षं रोजकीर्द आणि खतावणी त्यांच्याच हातची. सुरुवातीला वहीतला आणि कॉम्प्युटरवरचा हिशेब शेजारी शेजारी चालू होता. मार्चअखेर आली आणि तेरीज जुळेना. फरक दोन रुपये एकोणचाळीस पैशांचा. यंत्र चुकणार नाही, हे सर्वांनी गृहीतच धरलं. अध्यक्ष चारचौघांत म्हणाले, "अण्णा, वय झालं आता तुमचं." मी तिथंच उभा होतो आणि गप्प राहिलो.

अण्णांनी आठवडाभर रात्री जागून प्रत्येक पानाची बेरीज पुन्हा केली. मग माझ्यासमोर वही ठेवून म्हणाले, "साहेब, हे बघा. बेरीज सव्वा लाखापर्यंत पैशाला पैसा जुळते. पुढं सरकली की तुमचं यंत्र पैसे खातं."

ते अगदी खरं होतं. कॉम्प्युटर आकडे द्विमान पद्धतीनं, म्हणजे शून्य आणि एक यांतच ठेवतो. एकाला तीननं भागलं की आपल्याकडे तीनावर तीन कधी संपत नाहीत. तसेच दहा पैसे, म्हणजे रुपयाचा दहावा भाग, द्विमानात कधीच पुरा लिहून होत नाही. कुठंतरी तोडावा लागतो. मी आकडे 'फ्लोट' नावाच्या प्रकारात ठेवले होते. त्यात सुमारे सातच अंक भरवशाचे असतात. रक्कम १,३१,०७२ रुपयांच्या पुढे गेली की त्याची एकेक पायरी दीड पैशाहून मोठी होते. एक पैसा त्यात नेमका मावतच नाही! आजही पायथॉनला ०.१ अधिक ०.२ किती असं विचारा. उत्तरात दशांशचिन्हानंतर सतराव्या घरात एक चार उगवलेला दिसेल.

कोबोल व्यापारी हिशेबासाठीच घडवलेली भाषा. किती घरं रुपयांची आणि किती पैशांची, हे तिथं आधीच सांगून ठेवायचं आणि बेरीज आपल्यासारखी दशमानातच होते. सी घडवली ती १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी, युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिण्यासाठी. यंत्राच्या अगदी जवळ जाऊन काम करायला ती उत्तम. म्हणजे दोष सीचा नव्हता. सगळी रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवली असती तरी भागलं असतं. पण मला भाषा आवडत होती; काम मी पाहिलंच नव्हतं.

मी अध्यक्षांसमोर जाऊन चूक कबूल केली आणि अण्णांची माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "सोनं तोलायला वखारीतला काटा घेऊ नये. तोलतो तोही, पण गुंजेचा हिशेब त्याला कळत नाही."

तेव्हापासून काम हाती घेतलं की मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला, चूक झाली तर बिघडेल काय, आणि कुणाचं? घरच्या फोटोंची यादी चुकली तर हसून सोडता येतं, ठेवीदाराची रक्कम चुकून चालत नाही.

दुसरा, या कामाची तयार अवजारं कुठं आहेत? १९९१ साली आलेली पायथॉन तशी संथ. पण आकडेवारीच्या कामाला ती सोयीची, कारण अवजड गणितं आतून सी आणि फोरट्रानमध्ये लिहिलेले भाग करतात. फोरट्रान तर १९५७ची! हवामानाच्या गणितांत ती अजून राबते आहे. तक्त्यांतून माहिती काढायची तर एसक्यूएल, ब्राउझरमधलं पान हलतं-बोलतं करायचं तर जावास्क्रिप्ट.

तिसरा, माझ्यामागे हे कोण सांभाळणार? २०२० साली करोनाच्या काळात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेकार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला आणि तिथल्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक द्यावी लागली. यंत्रणा चालत होती, ती दुरुस्त करणारी माणसं विरळ झाली होती.

मात्र योग्य भाषा निवडली म्हणून निश्चिंत होऊ नये. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झालं. त्यातला प्रोग्रॅम कडक शिस्तीच्या एडा भाषेत होता. पण तो भाग आधीच्या एरियान-४चा, तसाच उचललेला. नव्या रॉकेटचा वेग वेगळा, आकडा ठरलेल्या जागेत मावला नाही. भाषा बरोबर होती, काम मात्र बदललं होतं.

म्हणून फोनवर विचारणाऱ्यांना माझं सांगणं असं : मुलाला कोणतीही एक भाषा नीट शिकू द्या. एक पक्की आली की दुसरी शिकणं फारसं अवघड जात नाही. पण त्याला आधी एखाद्या दुकानात, दवाखान्यात, पतसंस्थेत बसवा आणि तिथलं काम कसं चालतं ते पाहू द्या. तिथं एखादे अण्णा असतील, तर त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला सांगा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)