काढ्याचीही नोंद हवी
(वार्षिक सभेतील भाषण)



सुमारे १८०० वर्षांपूर्वी चीनमधील वैद्य चांग चुंगचिंग यांनी ‘शिआओ छाय हू थांग’ हा सात वनस्पतींचा काढा ग्रंथबद्ध केला. त्यांतील आले, ज्येष्ठमध आणि बोर आपल्याही परिचयाची आहेत. छाती व बरगड्यांखालची जडता, मळमळ, अन्नावरची वासना उडणे यांवर तो देत.

जपानमध्ये हाच काढा ‘शो-साइको-तो’ या नावाने यकृताच्या जुनाट दाहावर सर्रास दिला जाऊ लागला. १९९४ मध्ये इंटरफेरॉनसोबत तो देण्यास तेथे मनाई झाली. मार्च १९९६ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने तातडीचा इशारा दिला. तोवर ८८ रुग्णांना फुफ्फुसदाह झाल्याची नोंद होती. त्यांपैकी १० जण दगावले. छातीला आराम देणारा काढा काहींच्या छातीवरच उलटला होता.

परंपरेविषयी आम्हांला आदर आहे. परंतु वनस्पतीचे औषध हेही औषधच असते. म्हणून आमची नम्र विनंती आहे की, केसपेपर लिहिताना रुग्ण घेत असलेला प्रत्येक काढा व चूर्ण डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. औषध सुरू असताना कोरडा खोकला, धाप वा ताप जाणवल्यास त्वरित कळवावे. आपल्या एका वाक्याने प्राण वाचू शकतो.