पिसं झडलेली कोंबडी बाजारात नेऊ नका



दसरा झाला, सोयाबीन घरात आलं, की मेहकर भागातल्या गावांतून एक तक्रार हमखास कानी येते. "साहेब, कोंबडीले काहीतरी रोग लागला. आंगनात पिसंच पिसं पडली, मान उघडी झाली, शेपूट गेलं. अंडं त पंधरा दिवसांत पाहिलं नाही." आणि पुढच्या आठवडी बाजाराला ती कोंबडी पाय बांधून टोपलीत बसते. घेणारा तिला हातात तोलतो, हलकी आहे, कळाहीन आहे म्हणतो, आणि पडेल भावात घेऊन जातो. आज मला त्या कोंबडीची बाजू मांडायची आहे.

एक वर्षाच्या वरची कोंबडी वर्षातून एकदा जुनी पिसं टाकते आणि नवी घेते. हा रोग नव्हे. आधी डोकं आणि मान, मग छाती व पाठ, शेवटी पंख आणि शेपूट, असा साधारण क्रम असतो. याला दोन ते चार महिने लागतात, आणि तेवढे दिवस अंडी बहुतेक बंद राहतात.

बंद का राहतात, ते पहा. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. कोंबडीच्या वजनात शेकडा 4 ते 8 भाग पिसांचा असतो. दीड किलोच्या कोंबडीला साधारण शंभर ग्रॅम पिसं नव्यानं घडवायची असतात. अंड्यालाही प्रथिनच लागतं. एकाच कोठीतून दोन्ही खर्च झेपत नाहीत, म्हणून ती अंड्याचा खर्च थांबवते.

आता हे दिवाळीच्याच सुमाराला का? तर दिवस लहान होतो म्हणून. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात जेमतेम अकरा तासांचा. उजेड कमी झाल्याचं कोंबडीच्या मेंदूला कळतं आणि अंडाशय विश्रांती घेतं. थंडीच्या आधी नवं पांघरूण तयार व्हावं, ही निसर्गाची सोय आहे.

पण सगळ्या कोंबड्या सारख्या नसतात, आणि इथंच आपली फसगत होते. एका आजींकडे दोन कोंबड्या होत्या, एक तांबडी आणि एक काळी. तांबडीनं पोळ्याच्या सुमारासच अंडी थांबवली आणि एकेक पीस टाकायला लागली. आज एक, चार दिवसांनी एक. त्यामुळं ती कधी वाईट दिसलीच नाही. काळी मात्र दिवाळीपर्यंत अंडी देत होती, आणि मग आठ दिवसांत अशी उघडी पडली की शेजारच्या बाया हसू लागल्या. आजी काळीला बाजारात नेणार होत्या. मी म्हटलं, न्यायचीच तर तांबडी न्या. त्यांना ती थट्टा वाटली. पण दोघीही ठेवल्या. काळी संक्रांत सरल्यावर अंड्यावर आली. तांबडीनं शिमग्यापर्यंत वाट पाहायला लावली.

चांगली अंडी देणारी कोंबडी उशिरा पिसं टाकते आणि भराभर टाकते. आळशी कोंबडी लवकर सुरू करते आणि रेंगाळते. हे तपासायला पंख उघडून पहा. टोकाकडं 10 मोठी पिसं असतात, मग एक आखूड पीस, आणि त्यापुढं अंगाकडची पिसं. मोठी पिसं त्या आखडीपासून टोकाकडं क्रमानं गळतात. एक नवं पीस पुरं वाढायला साधारण सहा आठवडे लागतात. तीन-चार नवी पिसं एकाच उंचीची दिसली, तर ती एकदम गळाली. कोंबडी झटपट उरकणारी आहे. प्रत्येक पीस वेगळ्या उंचीचं असेल तर रेंगाळणारी समजा. मात्र गावरान कोंबडीच्या बाबतीत एवढ्यावरच निकाल देऊ नका. ती खुडूक बसली असेल, पिल्लं सांभाळत असेल, तर तेव्हाही अंडी बंद असतात. तो आळस नव्हे, कामच आहे.

या दिवसांत खायला काय द्यायचं? आपण ज्वारी, मक्याच्या कण्या टाकतो. त्यानं पोट भरतं, पण ज्वारीत प्रथिनं शेकडा दहाच्या आसपास. पावसाळ्यात उकिरड्यावर किडे-अळ्या मिळत, तेही आता कमी झालेले. म्हणजे प्रथिनाची गरज वाढते तेव्हाच त्याची टंचाई होते. आपल्या भागात यावर उत्तर घरातच पडलेलं आहे, सोयाबीन. त्यात शेकडा चाळीसच्या घरात प्रथिनं. पण कच्चं सोयाबीन रोजचा खुराक म्हणून कधीही घालू नका. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. खाऊनही अंगी लागत नाही. मळणीच्या जागी कोंबडीनं चार दाणे टिपले तर काही बिघडत नाही, पण घालायचं असेल तर कच्चा वास जाईपर्यंत भाजा, भरडा, आणि एका कोंबडीमागे रोज 10 ते 15 ग्रॅम कण्यांत मिसळा. गिरणीची सोयाबीन पेंड तापवलेलीच असते. तिळाची पेंड चिमूटभर मिळाली तर उत्तमच, पिसाला लागणारं गंधकयुक्त प्रथिन तिळात चांगलं असतं. शेंगदाण्याची पेंड चालते, पण बुरशी दिसली की फेकून द्या, तिच्यात विष असतं. सरकीची पेंड ढोरांची, कोंबडीला नको.

नव्या पिसांचे कोंब रक्तानं भरलेले असतात, हात लागला की दुखतं. तेवढे दिवस तिला विनाकारण धरू नका, पोरांनाही सांगा.

बल्ब लावून दिवस लांबवता येतो हे खरं. पण चार-सहा कोंबड्यांसाठी मी तो सांगणार नाही. लावायचा तर रोज ठरल्या वेळी लागतो, आणि मध्येच वीज गेली, वेळापत्रक मोडलं, की भलत्याच वेळी पिसं गळतात. तसंच लग्नाला दोन-तीन दिवस सगळं घर गेलं, मागं खुराड्यात पाणी संपलं, तरी उन्हाळ्यातसुद्धा कोंबडी पिसं टाकते आणि अंडी बंद करते. शेजारणीला पाण्याचं सांगून जात जा.

आता सावधगिरी. प्रत्येक पीस-गळती नैसर्गिक नसते. झडलेल्या जागी नवे कोंब दिसत असतील आणि कोंबडी दाणा टिपत असेल, तर काळजी नको. कोंब नसतील, शेपटीखाली पिसांच्या बुडाशी उवांच्या अंड्यांचे पुंजके असतील, तर उवा आहेत. खुराडं रिकामं करून फटी साफ करा, राख आणि कोरडी माती लोळायला ठेवा, औषध डॉक्टरांना विचारून वापरा. नुसती पाठ उघडी असेल तर तो कोंबड्याचा प्रताप. पण हिरवट-पांढरी हागवण, तोंड उघडून श्वास, वाकडी मान, आणि एकामागून एक मर, ही लक्षणं मानमोडीची, म्हणजे राणीखेतची आहेत. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, आजारी कोंबडी बाजारात नेऊ नका. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून तर अचानक मोठी मर लपवणं कुणाच्याच हिताचं नाही.

शेवटी, हिवाळ्यात घरात अंडी हवीच असतील तर वेगवेगळ्या वयाच्या कोंबड्या ठेवा. माघ-फाल्गुनात अंडी उबवायला बसवली, तर त्या तलंगा सहा-सात महिन्यांनी अंड्यावर येतात, आणि पहिल्या हिवाळ्यात बहुधा पिसं टाकत नाहीत. थोरल्या विश्रांती घेतात तेव्हा धाकट्या घर चालवतात. पिल्लांना पहिल्या आठवड्यातच लासोटा लस द्यायला विसरू नका.