'कावळा शिवला' आता पुरे

विवेकवर्धिनीसारख्या संस्थांमुळे हैदराबादेत आपल्या मुली शिकल्या. पण आई कोपऱ्यात का बसली, असे त्यांनी विचारले की आम्ही 'कावळा शिवला' म्हणून मोकळे झालो. र. धों. कर्व्यांचे 'समाजस्वास्थ्य' १९२७ साली निघाले, तरी आमचे मौन सुटले नाही. पाळी कधी नवव्या-दहाव्या वर्षीही येते. तेव्हा चौथीतच मुलीला समजावून सांगावे, वडिलांनी त्या वेळी उठून जाऊ नये.

२०१८ साली सॅनिटरी नॅपकिनवरील १२ टक्के कर गेला, हे बरे झाले. परंतु शाळेच्या संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही, झाकणाचा डबा नाही, तर मुलगी ते चार दिवस घरीच राहणार. विश्वस्तांनी यंदाची पहिली देणगी या कडीसाठी व नळासाठी द्यावी, अशी आमची विनंती आहे.