जखमेचा टाका आणि अहिंसेचा धागा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात केलेले भाषण)

कापडाच्या व्यापाऱ्याने दंतशस्त्रक्रियेवर बोलावे, हे काहींना नवल वाटेल. परंतु विषय अखेर धाग्याचाच आहे. दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजते. तेथे कृत्रिम दात रोवण्यापूर्वी पुष्कळदा हाडाची भर, म्हणजे बोन ग्राफ्ट, घालावी लागते. सांगली व कराड येथे दंत महाविद्यालये असल्याने आपल्या कडेगावकरांना ही चिकित्सा आता दूरची राहिलेली नाही.

भर घातली की जागा फुगते. हिरडी ताणून शिवली, तर कडांचा रक्तपुरवठा खुंटतो, जखम उकलते आणि लाळेतील जंतू आत शिरून भर वाया जाऊ शकते. म्हणून शल्यविशारद हिरडीच्या आतील अस्थिआवरणाला छेद देऊन ती आधी सैल करतात. मग ताण पेलण्यासाठी कडेपासून दूर मॅट्रेस टाका आणि कडा जुळवण्यासाठी सुटे साधे टाके घालतात. सुटे टाके अशासाठी, की एक निसटला तरी बाकीचे टिकून राहतात.

ही विद्या आपल्या भूमीला नवी नाही. सुश्रुतसंहितेत वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथि असे सीवनाचे चार प्रकार सांगितले आहेत. तुन्नसेवनी म्हणजे आपल्या भाषेत रफूच होय. धाग्यांत स्नायू व केस यांच्याबरोबर जवस आणि ताग यांचाही उल्लेख आहे.

आता आपल्या धर्माचा प्रश्न. कॅटगट हा धागा मेंढी वा गुरांच्या आतड्यापासून बनतो. रेशमासाठी कोशातील जीव मारले जातात. शिवाय रेशमाचा धागा विणलेला असल्याने तो वातीप्रमाणे लाळ व जंतू आत ओढतो. याउलट नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन आणि पीटीएफई यांचे एकपदरी धागे जंतूंना थारा कमी देतात. भांड्यांवरील टेफ्लॉन तो हाच पीटीएफई. त्याचा शोध १९३८ साली लागला. येथे अहिंसा आणि आरोग्य एकाच वाटेने चालतात, ही समाधानाची गोष्ट आहे.

तथापि धाग्यापाशी थांबून चालणार नाही. हाडाची भर अनेकदा गुरांच्या हाडांपासून, तर तिच्यावरील कोलॅजनचे आवरण गुरे वा डुकरांपासून केलेले असते. स्वतःच्या शरीरातील हाड किंवा कॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिम भर हे पर्याय आहेत. मात्र प्रत्येक रुग्णास ते सारखेच योग्य ठरतील असे नाही. तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. आपले कर्तव्य एवढेच, की शस्त्रक्रियेपूर्वी नम्रपणे विचारावे : "डॉक्टरसाहेब, भर, आवरण आणि धागा कशापासून केलेले आहेत?" भूल दिल्यानंतर हा प्रश्न विचारता येत नाही.

शस्त्रक्रिया पर्युषणाच्या उपवासांत येऊ नये, असा दिवस ठरवावा. उकळलेले पाणी पूर्ण निवू द्यावे, आहार मऊ असावा. तंबाखू व मिसरी वर्ज्य करावी आणि मधुमेह आटोक्यात ठेवावा. न विरघळणारे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. ते डॉक्टरांनीच काढावेत.

विवेकाने घेतलेली चिकित्सा हाही संयमाचाच एक प्रकार आहे, असे मी मानतो.