मुलांची यादी कुठे आहे?

रशियाने युक्रेनमधून नेलेल्या मुलांविषयी आज बोलू या. अशा एकोणीस हजारांहून अधिक मुलांची नोंद युक्रेन सरकारने केली आहे. परतलेली मुलं त्या मानाने फार थोडी. रशिया म्हणतो, आम्ही त्यांना युद्धापासून वाचवलं. युद्धातून मुलांना हलवणं कधी गरजेचंही असतं. पण त्याचे नियम जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पुरवणीत आहेत. स्थलांतर तात्पुरतं हवं. पालकांची लेखी संमती हवी. आणि प्रत्येक मुलाची माहिती, फोटोसकट, रेड क्रॉसकडे जायला हवी. म्हणजे, मूल नेताना परतीची वाट उघडी ठेवायची.

इथे उलट घडलं. मे 2022 मध्ये रशियात आदेश निघाला, आणि युक्रेनच्या अनाथ मुलांना रशियन नागरिकत्व देणं सोपं झालं. ज्याला परत पाठवायचं, त्याचं नागरिकत्व कशाला बदलायचं? मार्च 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने पुतिन आणि रशियाच्या बालहक्क आयुक्तांविरुद्ध अटक वॉरंट काढलं, ते मुलांना बेकायदा नेल्याच्या आरोपावरूनच.

कोणी विचारेल, मूल तिकडे रुळलं असेल तर? प्रश्न खरा आहे, आणि जिव्हारी लागणारा आहे. तान्हं नेलेलं मूल आईची भाषाही विसरलं असेल. पण ज्याने उशीर केला, त्यालाच उशिराचा फायदा कसा द्यायचा? कतारच्या मध्यस्थीने काही मुलं घरी आली. काहींना आणायला आई किंवा आजी स्वतः रशियात गेली. परतीची वाट उघडायची, तर आधी नावांची पूर्ण यादी हवी. नावच बदललं असेल, तर त्या आजीने शोधायचं तरी कुठे?