बुधाचा ठिपका आणि एक फॉरवर्ड

९ मे २०१६, सोमवार. ऑफिसातून हाफ डे घेऊन मी मुळशीतल्या भरे गावाजवळच्या माळावर दुर्बीण लावली. बुध सूर्यासमोरून जाणार होता. सुरुवात दुपारी पावणेपाचच्या सुमारास, शेवट मध्यरात्रीनंतर. आपल्या वाट्याला सूर्यास्तापर्यंतचे दोनेक तास, आणि पश्चिमेला डोंगर, म्हणजे तेवढेही नाहीत.

सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर लावायचा. डोळ्याकडच्या भिंगाला लावलेला तापून तडकतो आणि डोळा जातो.

बुधाचं बिंब सूर्यबिंबाच्या साधारण एकशेसाठाव्या भागाएवढं. माझ्या फोटोत सूर्य सोळाशे पिक्सेल, बुध जेमतेम दहा. त्यात त्या दिवशी सूर्यावर डागही होते. मग बुध कोणता? एका फोटोवरून सांगू नये. दर पाच मिनिटांनी एक काढला. डागाला करडी कड असते आणि तासा-दोन तासांत तो फारसा हलत नाही. बुध गोल, काळाकुट्ट, आणि प्रत्येक फोटोत डागांपासूनचं त्याचं अंतर बदललेलं.

त्याच आठवड्यात मामेभावाचा फॉरवर्ड आला: हे तर आपल्या विद्वानांनी हजार वर्षांपूर्वीच पाहिलं! तुमचं योगदान काय, असं आपल्याला सारखं विचारलं जातं, त्यामुळे असे मेसेज गोड लागतात. त्यात तथ्यही आहे. शुक्र सूर्यावर तिळासारखा पाहिल्याचं इब्न सीनांनी लिहिलंय. अंदलुसियाच्या इब्न बाज्जांनी सूर्यावर दोन काळे ठिपके पाहिले. ते शुक्र आणि बुध, असं पुढे कुत्बुद्दीन शिराझींनी म्हटलं. पण बुधाचा ठिपका नुसत्या डोळ्याला दिसूच शकत नाही, फार लहान आहे. ते बहुधा सूर्यडाग असावेत. बुधाचं अधिक्रमण पहिल्यांदा पाहिलं गॅसेंडीने, पॅरिसमध्ये, १६३१ साली, दुर्बिणीतून. वीस वर्षांनी शेकर्ली नावाच्या इंग्रजाने ते आपल्या सुरतेतून पाहिलं.

भाऊ चिडला. “तू आपल्याच माणसांना खोटं पाडतोस.” मी म्हटलं, खोटं कुठे? इब्न सीनांनी त्या ठिपक्यावरून शुक्र सूर्याच्या अलीकडे आहे, असा तर्क केला. माणूस पुरावा शोधत होता. मग भाऊला फोटो ओळीने दाखवले आणि बुध त्यालाच ओळखायला लावला. तिसऱ्या फोटोवर त्याने बोट ठेवलं.

पुढचं बुध अधिक्रमण १३ नोव्हेंबर २०३२ला, शनिवारी. दुपारी सव्वाबारापासून साडेचारपर्यंत पूर्ण आपल्याकडून दिसेल. भऱ्याच्या माळावर या, फिल्टर मी आणतो.