उसाच्या रसातील चिकट साखळी



तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचा रस बुळबुळीत होतो, हे आपणांस ठाऊक आहे. ही करणी ‘ल्युकोनॉस्टॉक’ नामक सूक्ष्मजंतूची. साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांची जोडी. हा जंतू ती जोडी फोडतो आणि ग्लुकोजचे मणी एकापुढे एक ओवतो. हेच ‘डेक्स्ट्रान’.

कापसाचा तंतूही ग्लुकोजचाच! मग फरक कशात? गाठीत. कापसात एका मण्याचा १ क्रमांकाचा कार्बन पुढच्याच्या ४ क्रमांकाच्या कार्बनाशी जोडलेला असतो. डेक्स्ट्रानमध्ये मुख्यतः ६ क्रमांकाच्या. त्यामुळे मध्ये एक जादा सांधा येतो, साखळी लवचिक होते आणि पाण्यात विरघळते.

साखर कारखान्याला हा शापच. रस दाट होतो, गाळणी तुंबते, साखरेचे दाणे लांबट पडतात. परंतु १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये ग्रोनवाल व इंगेलमन यांनी हीच साखळी तोडून आखूड केली. रक्तस्राव झालेल्या रोग्याच्या शिरेतून ती दिली असता रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवते, असे दिसून आले.

मणी तेच, लांबी बदलली आणि शापाचे औषध झाले. आपण मात्र ऊस तोडताच गाळावा, हे बरे!